आज सर बंद आहेत

आमच्या सरांच्या पँटला पट्टा असे आणि पट्ट्याच्या आत नाडीही असे. हे मला कसं ठाऊक, असं कुणी विचारू नये. त्यांनी ते स्वतःच सांगितलं होतं, पहिल्या दिवशी, आम्हा तीसेक माणसांसमोर, फळ्याजवळ उभं राहून.

"पट्टा तुटला तर नाडी आहे. नाडी तुटली तर पट्टा आहे. दोन्ही एकदम तुटायचे नाहीत, कारण पट्टा मी रत्नागिरीत घेतलाय आणि नाडी चिपळुणात."

आम्ही हसलो. हसू संपेपर्यंत त्यांनी फळा पुसून घेतला. मग म्हणाले, "हसून झालं? आता कामाचं बोलू. तुमच्या समोर जो पडदा आहे तो कॉम्प्युटर नव्हे. ती नुसती खिडकी आहे. तुमचा कॉम्प्युटर मुंबईत आहे, फायली तिथे, प्रोग्राम तिथे. मधली वाट तुटली की तुम्ही भिंतीकडे बघत बसणार. आणि वाट तुटणार. तुटणार हे धरूनच चालायचं."

त्यांचं हे "तुटणार" फार प्रेमाने उच्चारलेलं असे. दुसरी माणसं "पाहुणे येणार" ज्या सुरात म्हणतात, त्या सुरात.

आमची कंपनी मुंबईची. विम्याचे दावे तपासायचं काम. ज्यांना गावी राहून काम करायचंय त्यांच्यासाठी रत्नागिरीच्या बाहेर एक केंद्र काढून बघू, असं कुणाच्या तरी मनात आलं आणि आंब्याच्या पेट्या भरायची एक शेड भाड्याने घेतली. अर्ध्या शेडमध्ये आम्ही, अर्ध्यात मालकाचा पेंढा आणि पेट्या. चैत्र-वैशाखात आमच्या दाव्यांना हापूसचा वास यायचा. पण कंपनीने हे सगळं वर्षभराच्या बोलीवर केलेलं होतं. वर्ष संपताना मुंबईहून साहेब येऊन बघणार, पडदे नीट चालतायत असं वाटलं तर केंद्र राहणार, नाहीतर सगळ्यांनी परत मुंबईला यायचं किंवा नोकरी सोडायची.

बाकीच्यांचं मला माहीत नाही, मी मात्र हे वाक्य रोज अंगावर घेऊन झोपत होते. मी डोंबिवलीची खोली सोडून आले होते ती बाबांसाठी. बाबांची उजवी बाजू गेलेली, आई नाही, आणि मालगुंडजवळचं आमचं घर सोडायला बाबा तयार नाहीत. "मला मुंबईत नेऊन कुठं ठेवशील, फ्रीजच्या मागे?" असं विचारायचे. सकाळी त्यांना उठवून, अंघोळ घालून, पेज भरवून मी निघायची आणि संध्याकाळी परत त्यांच्या समोर. केंद्र बंद पडलं तर या सगळ्याचं काय करायचं? उत्तर असलंच तर ते सरांच्या पट्ट्यात आणि नाडीत होतं, आणि म्हणून त्यांच्या विक्षिप्तपणाला मी इतरांपेक्षा जरा कमी हसायची.

हसण्याजोगं पुष्कळ होतं. दोन्ही हातांत घड्याळं. दोन चष्मे, एक डोळ्यांवर, एक गळ्यात. पावसाळ्यात दोन छत्र्या, त्याही वेगळ्या दुकानांतल्या. फोन करायचे, मग "फोन केला होता" असा मेसेज पाठवायचे, मग मेसेज मिळाला का ते विचारायला फोन करायचे. त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे, "आणि वाढलं तर?" आज तीस माणसं आहेत, उद्या तीनशे झाली तर? हा प्रश्न ते कुणालाही विचारत. एकदा चहावाल्या मावशीला विचारला.

"मावशी, उद्या दुप्पट माणसं आली तर?"

"मग दुप्पट पानी घालीन," मावशी म्हणाली.

सरांनी हे फळ्यावर लिहून ठेवलं आणि खाली दोन रेघा मारल्या. त्यांच्या मते कुठलीही व्यवस्था वाढवण्याचा इतका प्रामाणिक आराखडा त्यांनी पाहिला नव्हता. चहा मात्र त्या दिवसापासून ते घरून आणू लागले.

त्यांचं घर शेडच्या मागेच होतं. मध्ये जांभ्या दगडांचा छातीइतका गडगा, गडग्यापलीकडे त्यांची पडवी. शेडच्या मागच्या खिडकीतून त्यांच्या बायकोचे, म्हणजे काकूंचे, वाळत घातलेले कपडे दिसायचे, आणि महिन्यातून एकदा सरही दिसायचे. कारण महिन्यातून एकदा सर बंद असत.

म्हणजे असं. त्यांचं म्हणणं, या सगळ्या व्यवस्थेत सगळ्यात कच्चा दुवा ते स्वतः आहेत. तारा दोन, वीज दोन ठिकाणची, मशिनं दोन, पण सर एकच. तर सर तुटले तर काय होतं ते बघायला हवं. त्या दिवशी ते ऑफिसला येत नसत, पडवीत आरामखुर्ची टाकून बसत. आम्ही अडलो की कुणीतरी गडग्यापाशी जाऊन हाक मारी.

"सर, प्रिंटर सगळे कागद कोरे काढतोय."

"मी नाहीये," सर शांतपणे सांगत.

"सर, तुम्ही दिसताय."

"दिसतोय, पण बंद आहे. चालू असतो तर सांगितलं असतं."

मग आतून काकू ओरडायच्या, "अहो, सांगा की त्या पोराला!" त्यावर सर त्यांनाही सांगत, "अगो, मी नाहीये." काकू म्हणायच्या, "मग जेवायलाही नसाल." तेवढ्यापुरते ते चालू होत.

तारांच्या बाबतीत त्यांचा छळ याहून मोठा होता. एक लाइन हायवेच्या कडेने, संगमेश्वरावरून आलेली. दुसरी समुद्राच्या बाजूने, वेगळ्या कंपनीची. तिसरी हवेतून, समोरच्या टेकडीवर थाळी बसवून. पहिल्या दोन लाइनी जमिनीखाली कुठे भेटत तर नाहीत ना, हे बघायला त्यांनी रजा टाकून दोन्ही वाटा पायी तपासल्या. कुठल्याशा मोरीपाशी दोन्ही कंपन्यांच्या केबली एकाच चरात गळ्यात गळे घालून झोपलेल्या सापडल्या. सर त्या मोरीवरच बसले. दोन्ही कंपन्यांची माणसं येऊन "आता काय करणार, चर एकच आहे" म्हणाली, तरी उठले नाहीत. शेवटी एकाची केबल उचलून ओढ्याच्या पलीकडून न्यायचं कबूल झाल्यावर उठले आणि सरळ हायवेवर जेसीबी चालवणाऱ्यांना भेटायला गेले. त्या सगळ्यांशी त्यांची ओळख होती. दिवाळीचा फराळ आम्हाला मिळायच्या आधी त्यांना जाई. उद्या कुठे खणणार हे सरांना बांधकाम खात्याच्या आधी कळे.

आणि मग या इतक्या कष्टाने आणलेल्या लाइनी ते स्वतःच तोडत. न सांगता. आम्ही कामात बुडालेलो असताना कोपऱ्यात सगळ्या लाइनी जिथे येऊन मिळत त्या पेटीपाशी जाऊन एक वायर उपटून हातात घेऊन उभे राहत आणि आमच्या तोंडांकडे बघत. सुरुवातीला पडदे थिजायचे, आम्ही किंचाळायचो, मग दुसऱ्या लाइनीवरून सगळं पुन्हा चालू व्हायचं. सर काहीतरी बदलायचे, पुन्हा उपटायचे. होता होता पडदे नुसते डोळा लवल्याइतके थांबू लागले. मग तेही बंद झालं. वर्षअखेरीला अशी वेळ आली की सर वायर उपटून उभे आहेत आणि एकही मान वर होत नाही. ते त्यांना जरा लागायचं, असं मला वाटतं.

एकट्या मुंबईच्या कॉम्प्युटरांवरही ते विसंबले नव्हते. त्यांची जुळी जोडी दक्षिणेत कुठेतरी होती. "मुंबई गेली तर," असं ते दाढीचं सामान संपलं तर या सुरात म्हणायचे. या दोन ठिकाणांचं आपसात पटावं कसं, हे मात्र त्यांना त्यांच्या मुलीच्या लग्नात कळलं. त्या लग्नाला आम्ही सगळे होतो.

लग्नाला सरांनी दोन भटजी सांगितले होते. एक मालगुंडहून किनाऱ्याच्या रस्त्याने येणार, एक संगमेश्वरहून हायवेने. एक रस्ता बंद पडला तरी मुहूर्त टळायला नको. इथपर्यंत ठीक होतं. पण रस्ते दोन्ही उघडे होते आणि भटजी दोघेही वेळेवर आले. दुसरा कुणी असता तर त्याने एकाला दक्षिणा देऊन जेवायला बसवलं असतं. सरांनी मालगुंडच्या भटजींना 'चालू' केलं आणि संगमेश्वरच्या भटजींना 'राखीव' म्हणून शेजारच्या पाटावर बसवलं. राखीव भटजींनी तेच मंत्र मनातल्या मनात त्याच लयीत म्हणत राहायचं, म्हणजे चालू भटजींना काही झालं तर त्याच शब्दापासून पुढे उचलता येईल. आणि काही झालंय हे कळावं म्हणून चालू भटजींनी अधूनमधून उजवा हात वर करायचा. हात वर झाला नाही तर राखीव भटजींनी समजून जायचं.

राखीव भटजी तरुण होते आणि फार मन लावून बसले होते. होमाचा धूर चालू भटजींच्या डोळ्यांत गेला, त्यांनी उपरण्याने डोळे पुसले, आणि त्या नादात हात वर करायचा राहिला. राखीव भटजी ताडकन उठले आणि खणखणीत आवाजात पुढचा मंत्र सुरू केला. चालू भटजींनी डोळे उघडून पाहिलं तर आपल्या जागी दुसराच. त्यांनी आवाज चढवला. राखीव भटजींना वाटलं, हे गेलेत आणि तरी बोलतायत, म्हणून त्यांनीही चढवला. नवरामुलगा बिचारा एकदा इकडे बघून "मम" म्हणे, एकदा तिकडे बघून "मम" म्हणे. सप्तपदी दोनदा झाली. दुसऱ्यांदा चालताना नवरी एवढी हसत होती की तिला करवलीने धरून नेलं. काकू एका खुर्चीवर डोळे मिटून बसून होत्या आणि सर मांडवाच्या खांबाला टेकून, मुलीच्या लग्नात बाप जसा भारावतो तसे भारावून, दोन्ही भटजींकडे आळीपाळीने बघत होते.

सोमवारी आल्या आल्या त्यांनी फळा पुसला. "चूक भटजींची नाही. दोघांनाही वाटलं, दुसरा गेला, आता मीच मुख्य. दोघेही खरे होते. तिसरा हवा होता. त्याने मंत्र म्हणायचे नाहीत, काही करायचं नाही, फक्त कोण चालू ते सांगायचं." त्या आठवड्यात त्यांनी मुंबई आणि दक्षिण या दोघांत साक्षीला म्हणून तिसऱ्याच शहरात एक लहानसं मशीन घेतलं. ते मशीन नुसतं उभं असतं म्हणून त्यांनी त्याचं नाव 'मामा' ठेवलं. "माझ्या सख्ख्या भावाला विचारलं असतंत तर त्याने मांडवातच सांगितलं असतं," असं काकूंनी गडग्यापलीकडून सुनावलं.

मग तो दिवस आला. मुंबईचे साहेब गाडीतून उतरले. गुबगुबीत, हळू बोलणारे, घाम पुसणारे गृहस्थ. ते राक्षस असते तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी येताच मावशीच्या चहाचं कौतुक केलं, त्यामुळे त्यांच्यावर रागही धरता येईना. बाबांना मी सकाळी सांगून आले होते की आज काय ते कळेल. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरून ठेवलं होतं, बस चुकेपर्यंत.

सरांनी साहेबांच्या हातात कोयता दिला.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"तोडा. तुम्हाला हवी ती."

साहेबांनी खूप आढेवेढे घेतले. शेवटी डोळे बारीक करून पेटीतली पिवळी वायर कापली. शेडमध्ये काहीच झालं नाही. आम्ही कामात होतो, सवयीप्रमाणे कुणी मानही वर केली नाही. सर म्हणाले, "आता निळी." निळी कापली. काही झालं नाही. साहेबांचा चेहरा मात्र बदलायला लागला. ते आमच्या रांगांमधून फिरले. पडदे बघितले. मग परत येऊन अगदी सौम्यपणे म्हणाले, "हे बघा, राग मानू नका. मागे एका ठिकाणी मला अशाच वायरी कापायला दिल्या होत्या. त्या नुसत्या दोऱ्या निघाल्या. खरी वायर भिंतीत होती. वायर तुटते आणि तीस माणसांतलं एकही माणूस दचकत नाही, हे खरं कसं मानायचं?"

सर गोंधळले. व्यवस्था चालत नाही हा आरोप त्यांना पेलला असता. ती फार चांगली चालते, म्हणून खोटी आहे, याची तयारी त्यांनी केलेली नव्हती. "ठीक आहे," ते म्हणाले, "तिसरी मी कापतो. मग काहीच उरत नाही. सगळे पडदे काळे पडतील. मग तरी पटेल?"

"पटेल," साहेब म्हणाले. "नाहीतर मला मुंबईला तसं सांगावं लागेल."

आता सगळ्या माना वर होत्या. सरांनी थाळीची वायर कापली. मी माझ्या पडद्याकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे मागितलं की बाबा रे, हा बंद पडू दे. माझ्यासमोर पाय मोडल्याचा, रत्नागिरीत दाखल झालेला एक दावा होता. त्याच्यावर मी टिचकी मारली आणि तो झटकन उघडला.

"चालतंय," मी म्हणाले. माझा आवाज रडका झाला होता.

"चालतंय," मागून कुणीतरी म्हणालं. "इकडेही."

सरांच्या हातातला कोयता खाली आला. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. "तिन्ही गेल्या," ते पुटपुटले. "मग हे चालतंय कशावर?"

"तेच मी विचारतोय," साहेब म्हणाले.

सर गुडघ्यांवर बसले आणि पेटीच्या मागे डोकं घातलं. पेटीला वायर लावायची चार भोकं होती. चौथं त्यांनी पुढे वाढ झाली तर म्हणून तयार करून रिकामं ठेवलेलं, यात काहीही खुपसा, आपोआप चालेल, असं ते नेहमी अभिमानाने सांगत. त्या चौथ्या भोकात एक काळी वायर होती आणि वरचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

सर वायर धरून निघाले. त्यांच्या मागे साहेब, साहेबांच्या मागे मी आणि आणखी चारपाच जण. वायर कपाटाच्या मागून मागच्या खिडकीतून बाहेर गेली होती. बाहेर ती काकूंच्या कपड्यांच्या दोरीला चिमट्यांनी लावलेली होती. तिच्यावर एक परकर आणि सरांचे दोन बनियन वाळत होते. सर गडग्यावर चढले. साहेब, बूट घातलेले, त्यांच्या मागोमाग चढले आणि परकराखालून वाकून पलीकडे उतरले. वायर पडवीतून स्वयंपाकघरात गेली आणि फ्रीजवरच्या एका डब्बीत संपली. डब्बी देव्हाऱ्याशेजारी होती, म्हणून तिलाही हळदकुंकू लागलं होतं.

काकू ओल्या काजूची उसळ करत होत्या, साहेबांसाठीच. एवढी माणसं आत शिरलेली बघून त्यांनी गॅस बारीक केला.

"हे काय आहे?" सरांनी विचारलं.

"केबलवाल्याची इंटरनेटची लाइन. माझ्या मालिकांसाठी घेतली."

"आणि आमच्याकडे?"

"त्यालाच म्हटलं, तेवढी तिकडे ओढ. चौथं भोक रिकामंच होतं, आणि काहीही खुपसलं तरी चालतं म्हणून तुम्हीच सांगत होतात." काकू पदराला हात पुसत साहेबांकडे वळल्या. "झोपेत बोलतात हो. 'तिन्ही गेल्या तर? तिन्ही गेल्या तर?' मला झोप नाही. म्हटलं, असू दे एक."

साहेबांनी वाकून त्या हळदकुंकू लागलेल्या डब्बीकडे बघितलं. मग म्हणाले, "वहिनी, ही जरा काढता का?"

काकूंनी सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली. काकूंनी वायर उपटली.

क्षणभर काही नाही. आणि मग गडग्यापलीकडून एकच आरोळी उठली. "गेलं! गेलं! सगळं गेलं!" आणि टाळ्या. सगळे पडदे एकदम काळे पडले म्हणून माणसं बाकं वाजवत होती, कुणीतरी पेंढा उधळत होतं. मी फ्रीजला टेकून चक्क रडत होते आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नव्हती. साहेबांनी सगळा गोंधळ ऐकून घेतला, मग पाटावर बसले आणि उसळ वाढायला सांगितली. खाता खाता म्हणाले, "राहू दे केंद्र."

मी बाबांना फोन लावला. "राहिलं," एवढंच मी म्हणाले. बाबा म्हणाले, "मग येताना बांगडे आण."

सगळे गेल्यावर मी फोन विसरले म्हणून परत गेले. सर अजून स्वयंपाकघरात उभे होते. पास झालेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो.

"मला सांगितलं का नाहीस?" ते विचारत होते.

"सांगितलं असतं तर तुम्ही तीही तोडून बघितली असती," काकू म्हणाल्या.

सरांनी विचार केला. दोन्ही घड्याळांकडे उगाच बघितलं. "हो," ते म्हणाले, "बघितली असती."

पुढे आमच्यासारखीच केंद्रं आणखी गावांतून निघाली, पोफळीलाही निघालं, आणि सर निवृत्त होईपर्यंत सगळीकडे जाऊन वायरी उपटत राहिले. आमच्याकडेही त्यांचा नेम चुकला नाही. पहिली उपटायचे, दुसरी उपटायचे, तिसरी उपटायचे, आणि वायरी परत खोचून हात झटकत उठायचे. एकदा नव्याने कामावर लागलेल्या एकीने म्हटलं, "सर, चौथी तपासायची राहिली."

"ती चालू आहे," सर म्हणाले.

"पण सर, न तोडता कसं कळणार?"

"ती चालू असते," सर म्हणाले, आणि पेटीचं झाकण लावून टाकलं.